भूत चालेल, दचकणं नको. लेकीबरोबर काय बघू?

चिपळूणची_मास्तरीण:

नमस्कार मंडळी. माझी लेक पंधरा वर्षांची आहे. दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळीच तिने सुट्टीतलं एकुलतं एक मागणं माझ्यापुढे ठेवलं. "आई, रात्री जेवणं झाली की एक भुताचा सिनेमा. आणि तू शेजारी बसायचंस, मध्येच भांडी घासायला उठायचं नाही." तिचे बाबा नोकरीमुळे पंधरवड्यातून एकदा येतात, सासूबाई नऊला झोपतात. म्हणजे आम्ही दोघीच. जूनमध्ये ती कॉलेजला पुण्याला जाईल. मला हे मागणं मोडायचं नाही.

अडचण एवढीच की मी फार दचकते. कुकरची शिट्टी रोज होणार हे ठाऊक असतं, तरी रोज हातातला डाव उडतो. शाळेत मागून कुणी "मॅडम" म्हटलं की खडू खाली पडतो. २००३ साली मैत्रिणींबरोबर रामगोपाल वर्मांचा 'भूत' बघायला थिएटरात गेले होते. उंच इमारत, रिकामी लिफ्ट, उर्मिला मातोंडकर. मध्यंतरापर्यंतसुद्धा टिकले नाही. बाहेर पायऱ्यांवर बसून राहिले आणि आतून येणारे आवाज ऐकत कान झाकून घेतले. त्यानंतर एकही असा सिनेमा पाहिलेला नाही.

पण भुतांचं मला वावडं नाही हो. आमची आजी कंदील बारीक करून गोष्टी सांगायची. रात्रभर एकाच बांधावरून फिरवणारा चकवा, पिंपळावरचा मुंज्या, विहिरीच्या काठावरची जखीण. भीती वाटायची, पाय आपोआप गोधडीत जायचे, आणि तरी "पुढे काय झालं" विचारल्याशिवाय राहवायचं नाही. आजी कधी एकदम ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली खाली जायचा. मला तशी भीती हवी आहे.

विनोदी असेल तर फारच छान. मालिकाही चालतील. मराठी-हिंदी आधी, बाकी भाषा सबटायटल्ससह. लेक सोबत असल्यामुळे फार रक्त आणि नको ते प्रसंग नकोत. सुचवाल का?

फेडरवरचं_बोट:

ताई, मी सोळा वर्षं गोरेगावात साउंड मिक्सिंग करतोय. तुम्ही ज्या धक्क्याला घाबरता तो धक्का जागेवर बसवायचं कामही पुष्कळदा केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्यात कमी काही नाही. दचकणं मेंदूच्या अगदी खालच्या, जुन्या भागातून होतं, विचार तिथे पोचायच्या आत. मोठा आवाज अचानक आला की पापण्या मिटतात, मान आखडते, खांदे वर जातात. पापणी तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत मिटून जाते. "आता नाही दचकायचं" असं ठरवून ते थांबवता येत नाही. मन आधीच ताणलेलं असेल तर तोच आवाज दुप्पट लागतो. थिएटरात तुम्हाला बाहेर यावंसं वाटलं ते त्यामुळेच.

आता हा धक्का बनतो कसा ते सांगतो, कारण ते कळलं की निवड सोपी जाते. आम्ही त्याला स्टिंगर म्हणतो. तो बसवायच्या आधी सगळं काढून घ्यायचं असतं. पंख्याची घरघर, रातकिडे, लांबच्या रस्त्याची गाज, एकेक फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, हळूच खाली आणायचा. बघणाऱ्याला कळतही नाही, पण तो कान टवकारतो. आणि मग कुठलाही चढ न देता एका क्षणात तीन-चार आवाज एकावर एक: किंकाळी, लोखंडी दार, ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, खाली जाड गडगडाट. आवाज किती मोठा यापेक्षा तो किती अचानक चढला याला जास्त महत्त्व. चित्रात मांजर असलं तरी चालतं, माणूस उडतोच.

याचा जुना नमुना १९४२ सालचा 'कॅट पीपल'. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तूर्नर. एक बाई रात्री बागेच्या कडेने एकटी चालली आहे, मागे कुणाची तरी पावलं आहेत, मग पावलंही थांबतात. आणि एकदम श्वापद गुरगुरल्यासारखा फिस्स आवाज येतो. ती असते येऊन थांबलेली बस, तिचे ब्रेक. आजही अशा धक्क्याला 'ल्यूटन बस' म्हणतात. पण त्या चित्रपटात हा प्रसंग एकदाच येतो, आणि त्याआधीची दोन मिनिटं नुसत्या पावलांनी बांधलेली आहेत. पुढच्या लोकांनी बस तेवढी उचलली आणि पावलं सोडून दिली. हे मला मनापासून खटकतं.

तर तुम्हाला पावलांचे सिनेमे हवेत, बसचे नकोत. भूत किती भयानक हे विचारूच नका. कथा भूत दाखवते कशी ते बघायचं.

सुरुवात 'घोस्ट्स'ने करा. बीबीसीची मालिका, २०१९ ते २०२३, पाच सीझन, अर्ध्या-अर्ध्या तासाचे भाग. एका तरुण जोडप्याला वारसाने जुना वाडा मिळतो. बायको खिडकीतून पडते, आणि शुद्धीवर आल्यावर तिला वाड्यातली सगळी भुतं दिसायला लागतात. आदिमानव आहे, मुंडकं एकीकडे आणि धड एकीकडे असलेला सरदार आहे, मानेत बाण घुसलेला स्काउटमास्तर आहे. कोण कसं मेलं हे हळूहळू उलगडत जातं. स्काउटमास्तराच्या घरचे दरवर्षी त्याच्या आठवणीसाठी तिथे येतात तो भाग बघताना रुमाल जवळ ठेवा. दचकण्यासारखं जवळपास काही नाही. मूळ ब्रिटिश मालिकाच बघा, नंतर निघालेली अमेरिकन वेगळी आहे.

मग आपला 'झपाटलेला', १९९३, महेश कोठारे. तुम्ही पाहिला असेलच, पण आता लेकीच्या शेजारी बसून पुन्हा बघा. तात्या विंचूचा जीव बाहुल्यात शिरला आहे हे आपल्याला माहीत असतं, पडद्यावरच्या माणसांना नसतं. म्हणून आपण "अरे लक्ष्या, मागे बघ" म्हणत राहतो. हीच ती भीती, आजीच्या गोष्टीतली. आपल्याला आधी कळलेलं असतं, त्यामुळे धक्का नाही, नुसता ताण. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे हसवत ठेवतो. रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याची मान वळते ना, ती आजही कुठल्याही कॉम्प्युटरच्या भुतापेक्षा मला जास्त खरी वाटते, कारण तो खराखुरा तिथे असतो.

दाक्षिणात्य चालत असेल तर 'रोमांचम', २०२३, मल्याळम. २००७ सालच्या बंगळुरात एका घरात सात बेकार-अर्धबेकार पोरं राहतात, आणि कॅरम बोर्डावर अक्षरं लिहून आत्मा बोलावतात. हसता हसता कधी पाठीला गार वारा लागतो ते कळत नाही. आणि 'मणिचित्रताळ', १९९३. आपण ज्याचा हिंदी अवतार 'भूल भुलैया' म्हणून २००७ साली पाहिला, तो हा मूळ. शोभनाला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लांब आहे, दोन रात्रींत वाटून घ्या. पण तिच्या शेवटच्या नाचाच्या रात्री मध्येच थांबवू नका.

जपानी 'वन कट ऑफ द डेड' (२०१७) राखून ठेवा शेवटच्या आठवड्यासाठी. पहिली सदतीस मिनिटं कॅमेरा एकदाही न थांबता झोंबी येत राहतात आणि सगळं जरा कच्चं, विचित्र वाटतं. तिथे बंद करू नका. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, लेकीलाही इंटरनेटवर शोधू देऊ नका. सिनेमा बनवणाऱ्यांवर इतकं प्रेम मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेलं नाही.

आता घरातली तयारी. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम' असं काहीतरी असतं, ते चालू करा. बारीक आवाज थोडा वर येतो, मोठा आवाज दाबला जातो, आमच्या स्टिंगरचे दात पडतात. हेडफोन अजिबात नको. ऐकू न येणाऱ्यांसाठीची सबटायटल्स मिळाली तर ती लावा, त्यात "दार करकरतं" असं लिहून येतं आणि तुम्ही सावध होता. एक दिवा पाठीमागे चालू ठेवा. इंग्रजी सिनेमांसाठी 'व्हेअर्ज द जंप' नावाचं संकेतस्थळ आहे, त्यावर कितव्या मिनिटाला धक्का आहे ते लिहिलेलं असतं.

आणि एक घरगुती उपाय. लेकीने आधी पाहिलेला सिनेमा असेल तर धक्क्याच्या पाच सेकंद आधी तिने तुमच्या मनगटावर दोन बोटं टेकवायची. काही बोलायचं नाही. माझी बायको तुमच्यासारखीच दचकते, आम्ही अकरा वर्षं असेच सिनेमे बघतोय.

आरवलीकर:

मास्तरीणबाई, 'रात्रीस खेळ चाले'चा पहिला भाग कसा कुणी सुचवला नाही? २०१६ सालची झी मराठीची मालिका. चित्रीकरण आमच्याच बाजूला, सावंतवाडीजवळच्या आकेरीत. पुढच्या भागात अण्णा आणि शेवंता आले आणि ते लोकांनी डोक्यावर घेतलं, पण माझं मन पहिल्यात जास्त आहे. तेरवं-तिथीला जमलेलं घर, जमिनीच्या वाटणीवरून धुमसणारी भावंडं, अंगणात कुणी काय ठेवलं याची कुजबुज. कोकणातल्या घरात भीती अशीच येते. आधी माणसांची, मग भुताची. संगीत काही वेळा अंगावर येतं हे खरं, पण रोजचा भाग छोटा असतो, झेपेल.

एक आणखी सांगतो. सिनेमावाले भूत म्हणजे मारायला उठलेलं काहीतरी असंच धरून चालतात. आमच्या आरवलीचा वेतोबा भुतांचा राजा, पण गावाचा राखणदार. रात्री गावात फेरी मारतो म्हणून त्याला चामड्याच्या भल्या मोठ्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. चपला झिजलेल्या सापडतात असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझी नात त्याला 'वेतोबाआजा' म्हणते. रात्री उशिरा एस्टीतून उतरून घरी चालत जाताना तो मागे आहे असं वाटलं की आम्हाला धीर येतो. असं भूत कुणी पडद्यावर आणेल त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसेन. लेकीला घेऊन एकदा या, शिरोड्यापासून जवळच आहे.

उसाच्या_कडेची:

मी सांगलीकडची. 'तुंबाड' (२०१८) शिवाय ही यादी पुरी होऊच शकत नाही. पाऊस, वाडा, साखळीने बांधलेली म्हातारी, कणकेची बाहुली. आणि खरं भूत कुठलं, तर हाव. वाडा आपल्या सासवडचा. सहा वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, पुन्हा थिएटरात लागला तेव्हा मी दुसऱ्यांदा गेले, आणि गर्दी पहिल्यापेक्षा जास्त होती.

'लपाछपी'ही बघा, विशाल फुरिया, पूजा सावंत आणि उषा नाईक. नंतर हिंदीत 'छोरी' झाला तो हाच. उसाच्या फडात हरवलेली गरोदर बाई. मी उसाच्या शेजारी वाढले. वाढलेल्या फडात शिरलं की चार सरी ओलांडल्यावर दिशा कळत नाही, पानांच्या धारेने हात कापतात, आणि वारा नसतानाही आत कुणीतरी चालल्यासारखं वाजत राहतं. ते त्या सिनेमात बरोब्बर आलंय. मुलगी नको म्हणणाऱ्या घरांबद्दल आहे, त्यामुळे लेकीबरोबर बसून बोलायला पुष्कळ निघेल. फक्त घरात कुणी गरोदर असेल तर नको. माझ्या वहिनीने सातव्या महिन्यात पाहिला आणि दोन रात्री झोपली नाही.

फेडरवरचं_बोट:

'तुंबाड' माझाही जिवाभावाचा आहे. त्यातला पाऊस मी हेडफोन लावून नुसता ऐकत बसलेलो आहे. पण ताईंच्या लेकीला पंधरावं वर्ष आहे आणि त्याला 'ए' प्रमाणपत्र आहे. शिवाय म्हातारी जागी होते तो प्रसंग ताईंना झेपणार नाही. तीन वर्षं थांबा.

'लपाछपी'बद्दल तुमच्याशी सहमत आहे, पण पहिल्या आठवड्यात नको. त्याआधी 'स्त्री' (२०१८) घ्या. चंदेरी गावच्या भिंतीवर "ओ स्त्री कल आना" लिहिलेलं असतं ना, ती कल्पना कर्नाटकातल्या 'नाळे बा' या दंतकथेतली, तिथेही लोक दारावर "उद्या ये" लिहायचे. धक्के आहेत, पण प्रत्येकाच्या मागोमाग विनोद येतो आणि खांदे खाली येतात. मग आदित्य सरपोतदारांचे दोन: मराठी 'झोंबिवली' (२०२२), डोंबिवलीच्या टोलेजंग सोसायटीत आणि शेजारच्या वस्तीत झोंबी, आणि हिंदी 'मुंज्या' (२०२४). 'मुंज्या'त तो अंगावर झेप घेतो तेव्हा दोन बोटांची गरज लागेल. पण त्यातली आजी, सुहास जोशी, तुम्हाला तुमच्या आजीची आठवण करून देईल.

नाशिकची_परिचारिका:

रात्रपाळी करणाऱ्या बाईचं मत हवं असेल तर, 'द अदर्स' (२००१). निकोल किडमन, धुक्यातलं घर, उन्हाची ॲलर्जी असलेली दोन मुलं, म्हणून प्रत्येक खोलीचे पडदे ओढलेले आणि एक दार बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही हा नियम. रक्ताचा थेंब नाही. मी वॉर्डात रात्री तीनला दारं अशीच हळू लावते, पेशंट जागा होऊ नये म्हणून, त्यामुळे मला ते घर फार ओळखीचं वाटलं. एक-दोन ठिकाणी दचकायला होतं, बाकी सगळी भीती कुजबुजीतली.

आणि ताई, सिनेमा संपला की लगेच दिवे घालवून झोपू नका. दहा मिनिटं गप्पा मारा, पाणी प्या. शरीराला खाली यायला वेळ लागतो.

चिपळूणची_मास्तरीण:

मंडळी, तेरा दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

'घोस्ट्स'चे दोन सीझन झाले. स्काउटमास्तराच्या भागाला लेक रडली, मी तर तिच्या आधीच. 'झपाटलेला'च्या रात्री एक नवल घडलं. सासूबाई नऊला आपल्या खोलीत गेल्या, आणि सव्वानऊला "काय गं, लक्ष्या लावलाय का?" म्हणत परत आल्या. खुर्ची ओढून बसल्या त्या शेवटपर्यंत. आता रोज तिघी असतो. चिवडा त्यांच्याकडे.

'स्त्री' लेकीने आधी पाहिला होता, म्हणून दोन बोटांचा उपाय करून बघितला. पहिल्यांदा तिने फार आधी बोटं टेकवली, मी उगाच अर्धा मिनिट श्वास रोखून बसले. दुसऱ्यांदा बरोबर जमलं. मी दचकले, पण उठले नाही. नाइट मोड आमच्या टीव्हीत सापडायला अर्धा तास गेला. पण फेडरवाले दादा, खरंच दात पडतात.

'मुंज्या' परवा झाला. त्या झेपेच्या वेळी लेक स्वतःच इतकी दचकली की बोटं टेकवायची राहून गेली, तिने माझा अख्खा हात धरला. सासूबाईंनी मात्र सिनेमा मध्येच थांबवायला लावला. त्यांच्या माहेरी, गुहागरकडे, पिंपळावर मुंज्या होता म्हणे, आणि तो मुलांना त्रास द्यायचा नाही, उलट रात्री एकटं कुणी आलं तर घरापर्यंत खडे वाजवत सोबत करायचा. आरवलीकर, तुमचा वेतोबा मी त्यांना वाचून दाखवला. "असतातच तशी," म्हणाल्या, आणि मग सिनेमा तसाच थांबलेला ठेवून पाऊण तास सांगत बसल्या. मी लग्न होऊन या घरात आले त्याला अठरा वर्षं झाली, यातली एकही गोष्ट मी ऐकलेली नव्हती. लेकीने मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्यात.

आता त्यांची फर्माईश आहे. 'हा खेळ सावल्यांचा', आशा काळे आणि काशिनाथ घाणेकरांचा, १९७६ चा. 'गोमू संगतीनं' गाण्यापलीकडे मला त्यातलं काही माहीत नाही, पण त्यांनी तो लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या सासऱ्यांबरोबर पाहिला होता आणि रात्री घरी चालत येताना त्यांचा हात धरला होता. रविवारी लेकीचे बाबा येतायत, तेव्हा चौघांनी मिळून बघायचाय. चांगल्या प्रतीचा, आवाज नीट असलेला कुठे बघायला मिळेल, कुणाला माहीत आहे का? आणि दादा, त्यात धक्के कितव्या मिनिटाला आहेत तेही सांगा. या वेळी बोटं टेकवायचं काम सासूबाईंनी मागून घेतलंय, पण त्यांना आता नेमकं आठवत नाही.